लुचईचे अठरा दाणे

सोमवार, ९ डिसेंबर १९५७. दुपारचा दवाखाना आटोपला आणि तुझी उरलेली अफू तोलायला बसले आहे, तुळसा. माणूस गेलं की त्याचं अफूचं कार्ड आणि शिल्लक माल सरकारी दुकानात परत जातो, आणि वजनाच्या कागदावर सही माझी लागते. सोमाजीभाऊ काल तुझी पत्र्याची डबी आणून देऊन गेला. नवरा माणूस, पाच दिवसांत निम्मा झाला आहे. "बाई, यातलं तुमचं काय असंल ते तुमी पाहून घ्या," म्हणाला आणि ओसरीवर न टेकता परत फिरला. चार दिवसांचा ताप, छाती भरली, आणि तू गेलीस. माझ्याजवळच्या सुया तुझ्या कामी आल्या नाहीत. त्याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

डबीत बोराएवढा काळा गोळा आहे, वरून सुकून तडकलेला. सोनाराकडून मी तुला आणून दिलेला लहान काटा आहे. आणि चिंधीच्या दोन पुरचुंड्या आहेत, दोन्हींत तांदूळ. मला एकच ठाऊक होती. लाल चिंधीत जाड दाणे, लोकांच्या गोळ्या तोलायला तू ठेवायचीस ती आपली लुचई. पांढऱ्या चिंधीतले दाणे बारीक आहेत, वासाचे. चिन्नोर. हे तू कशाला ठेवलेस ते कळेना. मोजले तर अठरा भरले. तेव्हा मी काटा खाली ठेवला आणि चहाला आधण ठेवलं, कारण दुपारी मी जेवले नव्हते.

डोकंही धरलं आहे. पुडी घेतली. हसू नकोस.

आज हे लिहिण्याचं खरं कारण मंगरू आहे. शनिवारी तो टोल्यावरून, त्या लहान वस्तीवरून, तीन मैल काठी टेकत आला. जंगलाच्या कूपात, लाकूडतोडीवर, सागाचं खोड मांडीवर पडून त्याचा पाय आखूड झाला, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तो अफूवर आहे. तांदळाच्या दाण्यांनी गोळी तोलत तू त्याला तीस दाण्यांवरून सोळावर आणलंस. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, तुळसाबाई होती तं मी दाना काडत होतो. आता कोनासाठी काडू? मले पयल्यासारकी लिहून दे." पंधरा दिवसांपासून मांडीत आग होते, झोप नाही, असंही म्हणाला. मी त्याला सांगितलं, मंगळवारी उत्तर देते. त्याच्या कागदावर मात्र तेव्हाच लिहून ठेवलं: तक्रार वाढवून सांगतो.

आता दुकानात दरवर्षी माल कमी येतो. पुढं कधीतरी ते बंदच होणार, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या दिवशी मंगरू तीस दाण्यांवर असेल तर एका झटक्यात शून्यावर येईल, आणि तसं आलेलं माणूस कसं दिसतं ते मी एकदा पाहिलं आहे. तुझ्याच घरात पाहिलं. पण तेव्हा मी ते ओळखलं नाही.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मलाच नीट दिसेल.

तू रोवणीत पडलीस, धानाची रोपं लावायच्या दिवसांत. शेताच्या बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद वरंब्यावरून पाय घसरला, डोक्यावर पेंढ्या होत्या, आणि कंबर दगडावर आपटली. हाड जुळलं, दुखणं राहिलं. सासूच्या डबीतून पहिली गोळी मिळाली, ती सहा वर्षं सुटली नाही. मी नर्स म्हणून या दवाखान्यात बदलून आले तेव्हा तू महिन्यातून एकदा कार्डावर शिक्का मारायला यायचीस, भिंतीला धरून. डोळे अर्धे मिटलेले. मी विचारलं, "गोळीनं दुखणं थांबतं का?" तू म्हणालीस, "नाई. दुखनं तिथंच बसून राह्यते. मी उठून जातो."

तुझ्यावर काम करावं असं मला त्या उत्तरानं वाटलं. दयेनं नव्हे. जिला इतकं स्वच्छ दिसतं तिचे डोळे मिटलेले असणं मला गैरसोयीचं वाटलं.

बाजाराच्या दिवशी सिंदेवाहीहून डॉक्टर यायचे. ते म्हणाले, कमी करा, पण हळू. एकदम तोडू नका. हळू म्हणजे किती, हे त्यांनी गुंजेच्या हिशेबात सांगितलं. तू गुंजेची बी हातात घेऊन पाहिलीस आणि परत माझ्या टेबलावर ठेवलीस. "हे मोठं आहे बाई. इतकं एका वेळी गेलं तं मी मरन. तांदूळ घे." तर तांदूळ घेतला. तुझी गोळी काट्यात टाकली, दुसऱ्या पारड्यात घरचा लुचईचा तांदूळ. चोवीस दाणे भरले. ठरलं, सकाळची चोवीस, संध्याकाळची चोवीस, आणि दर पंधरवड्याला एक दाणा काढायचा. काढलेला दाणा तू चिमणीला टाकायचीस.

दाणा काढला की त्याच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं, हे मला प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. ते तू शोधलंस. मी व्यायाम सांगितला; तू म्हणालीस, व्यायाम पैलवानाले. मग तू आधी चुलीपासून विहिरीपर्यंत चाललीस, मग विहिरीपासून मोहाच्या झाडापर्यंत. बरं वाटलं त्या दिवशीही मोहाच्या पुढं गेली नाहीस. मी म्हटलं, आज चेहरा चांगला दिसतोय, जा की बांधीपर्यंत. "नाई वो. रोवणीत जे सकाळी घाई करते ते दुपारी धुऱ्यावर बसते. दुखन्याच्या मानसाले चांगला दिवसच मारते." हे वाक्य मी नंतर कितीजणांना सांगितलं, तुझं नाव न घेता.

अठराव्या दाण्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग कापणी झाली, तुमच्या घरी नव्याचा दिवस झाला, नवा तांदूळ शिजला, मलाही पानावर बोलावलंस. तू हसत वाढत होतीस. चार दिवसांनी सोमाजीभाऊ धावत आला.

तू खाटेवर मुटकुळं करून पडली होतीस. घामानं लुगडं ओलं, पोटात कळा, नाक गळतंय, जांभयांवर जांभया, आणि कंबर धरून तू असा आवाज काढत होतीस की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मी नाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: "जास्त खाल्लीस ना मधे? आणि आता पुरत नाही."

"नाई, बाई."

"खरं सांग."

"मोज," म्हणालीस, आणि डबी माझ्याकडे ढकललीस.

मी मोजले. अठरा होते. मोजले, पाहिले नाहीत. दाणा हा दाणा, माझ्या लेखी. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे ज्वारी पिकते. तांदूळ सणाला शिजायचा, आणि तो जाड की बारीक हे सासरच्या माणसांनी बघायचं असतं. मग मी जे बोलले ते सोमाजीभाऊच्या आणि तुझ्या सुनेच्या समोर बोलले. म्हटलं, "तुळसा, गोळी बरोबर आहे. म्हणजे हे दुखणं कमरेत नाही, तुझ्या मनात आहे. मन घट्ट कर."

तू भिंतीकडे तोंड केलंस. मी निघाले तेव्हा दारात मला वाटलं की आपण योग्य तेच केलं, थोडं कडक, पण योग्य. असं वाटायची मला सवय आहे.

अकरा दिवस तू दवाखान्यात फिरकली नाहीस. बाराव्या दिवशी आलीस, भिंतीला न धरता, आणि म्हणालीस, "अठराच चालू आहे. बरं आहे आता." मी म्हटलं, बघ, मन घट्ट केलं की होतं. मग तुला माझी पुडी दिसली. दुपारची डोकेदुखीची, पाण्याच्या पेल्याशेजारी. "बाई, तुया पुडीचा दाना कवा निघनार?" म्हणालीस. मी म्हटलं, माझं डोकं खरंच दुखतं. "हाव," म्हणालीस, "तुयं खरंच दुखते."

मी तेव्हा याला टोमणा समजले आणि हसले. आज लिहिताना ते वाक्य पुन्हा वाचलं.

पुढचं सगळं चांगलं झालं, म्हणूनच मी मागचं उकरलं नाही. दाणे उतरत गेले. शिवरात्रीला तू मार्कंड्याला जायचा हट्ट धरलास. मी म्हटलं, बैलांच्या खाचरात हाडं खिळखिळी होतील. तू म्हणालीस, "तू पन ये, मंग खिळखिळी झाली तं जोडजो." गेलो. खाचर नदीच्या अलीकडे सोडून देवळापर्यंत तू चाललीस, वैनगंगेच्या वाळूतून, दर शंभर पावलांनी बसत. जत्रेतली माणसं ओलांडून जात होती. एकीनं विचारलं, "म्हातारीले काय झालं वो?" तू बसल्या जागेवरून ओरडलीस, "म्हातारी तुयी सासू! मी दम खाऊन राह्यली!" दर्शन झालं, आणि लोक प्रसाद घेतात तिथं तू धोतराच्या फडक्यात वाळू भरायला बसलीस. सोमाजीभाऊनं कपाळावर हात मारला. ती वाळू तू खापरात तापवून कापडात बांधायचीस आणि कमरेला लावायचीस. माझ्या रबरी पिशवीपेक्षा ती ऊब जास्त वेळ टिकते, हे मी घड्याळ लावून पाहिलं आणि मान्य केलं. मान्य करायला मला एक महिना लागला.

मग लोक तुझ्या ओसरीवर यायला लागले. मी पाठवायचे काही, बाकी आपसूक. गुडघ्याची म्हातारी, दातांच्या दुखण्यानं गोळीला लागलेला कुंभार, आणि मंगरू. मंगरूला तू पहिल्या दिवशी म्हणालीस, "भाऊ, मी तुयी अफू नाई काडत. तू एक दाना काड, मी एक गोष्ट सांगतो." त्यानं विचारलं, "कायची गोष्ट?" "नर्सबाईची." आणि तुम्ही दोघं माझ्याकडे बघून हसलात. काय सांगायचीस कोण जाणे. तो मात्र चौदा वेळा गोष्ट ऐकायला आला.

आपलं भांडण राहिलं ते शेवटच्या दाण्यावरून. तू एकावर येऊन थांबलीस. मी म्हटलं, आता तोही काढ, कार्ड जमा कर, मोकळी हो. तू म्हणालीस, "राहू दे एक."

"एका दाण्यानं काय दुखणं थांबतं?"

"दुखन्यासाठी नाई बाई. भेवासाठी आहे."

"भीतीला औषध नसतं."

"मंग मानसं देव कायले ठेवतेत?"

दर बाजाराच्या दिवशी हे भांडण व्हायचं. कधी तू जिंकायचीस, कधी मी निघून जायचे. भाद्रपदात मी म्हटलं होतं, शून्य म्हणजे शून्य, नाहीतर केलेलं सगळं अर्धवट. अर्धवट हा शब्द तुला लागला. नंतर आपण त्यावर बोललोच नाही. मला वाटलं, संक्रांतीनंतर काढू विषय.

आता आजची गोष्ट. चहा निवला तेव्हा तुझी सून कौसल्या आली, माझी रबरी पिशवी परत द्यायला. तिनं टेबलावर उघडी डबी पाहिली, पांढरी चिंधी पाहिली, आणि पिशवी हातात धरून दारातच उभी राहिली.

"बाई, ते तुमी पाह्यले का?"

"काय आहे हे?"

मग ती खाली बसली आणि तिनं रडत नव्हे, घाबरत सांगितलं. नव्याच्या दिवशी तुमच्याकडे घरात जुना तांदूळ वेगळा राहू द्यायचा नसतो. असेल नसेल तो सगळा नव्यात मिसळायचा, नाहीतर नवं रुसतं. ती नवी सून, मन लावून करत होती. डबीतले तुझे अठरा दाणे तिनं मडक्यात ओतले, आणि डबी रिकामी ठेवू नये म्हणून अठराच दाणे मोजून परत भरले. देवासाठी शिजवायला काढलेल्या सुपातले. म्हणजे चिन्नोर.

मी काट्यात दोन्ही टाकले. एकीकडे चिन्नोरचे अठरा. दुसरीकडे लुचई एकेक टाकत गेले. अकराव्या दाण्याला काटा समेवर आला.

सात दाणे, तुळसा. एका दिवसात. चौदा आठवड्यांची उतरण तू एका रात्रीत उतरलीस, आणि मी खाटेशी उभी राहून तुला म्हटलं की मन घट्ट कर.

"सासूबाईले कवा कळलं?" मी विचारलं. इतकी वर्षं इथं काढल्यावर माझ्याही तोंडात तुमची बोली येते.

"दहाव्या दिवशी. उन्हात दाने पाह्यले त्यायनं. मले बलावलं. मले वाटलं आता मारतीन. त्या मनल्या, हे तुयं काम आहे का? मी मनलं, हाव. मंग त्यायनं दुसऱ्या चिंधीत बांधून ठेवले. मनल्या, नर्सबाईले सांगू नोको. ते तुले ओरडंल. अन् मले ओरडली त्याचं तिले वाईट वाटंल."

"आणि अठरा चालू आहे म्हणून मला सांगितलं ते?"

"तवापासून लुचईचे अठरा परत घेतले त्यायनं. मंग पुन्हा पयल्यापासून एकेक काडला."

म्हणजे तू मला फसवलं नाहीस. अठराच होते. तू फक्त सांगितलं नाहीस. तुझी सून वाचली, माझा ताठा वाचला, आणि दहा दिवसांचा हिशेब तू एकटीनं पांढऱ्या चिंधीत बांधून ठेवलास. यात मला राग येतो, खरं सांगते. सांगायला हवं होतंस. मी ओरडले असते, मग ऐकलं असतं, मग काहीतरी शिकले असते. दोन वर्षं मी इतर माणसांना तेच वाक्य ऐकवत आले: मनात आहे. कुंभाराला म्हटलं. गुडघ्याच्या म्हातारीला म्हटलं. तू शेजारी बसून ऐकायचीस, आणि मी उठले की त्यांचे दाणे उन्हात धरून बघायचीस. आता आठवतंय. मला वाटायचं, तुझी नजर कमी झाली आहे.

कौसल्येला मी ओरडले नाही. ती तशी बसून राहिली, ओरडण्याची वाट बघत. शेवटी मी म्हटलं, "जा, अंधार पडेल." दारातून वळून तिनं विचारलं, "बाई, त्या शेवटचा एक दाना घेत होत्या का नाई, तुमाले सांगू?"

मी नको म्हटलं.

गोळा मी तोलला, वजन कागदावर लिहिलं. सुकलेला, तडकलेला. त्याला किती दिवस कोणी हात लावला नाही हे अंदाजानं सांगता येईल, पण मी तो अंदाज करत नाही. घेत असलीस तर तो तुझा होता. नसलीस तर भांडण तू जिंकून मला सांगितलं नाहीस, आणि तेही तुझंच. अर्धवट म्हटलं ते मात्र मी परत घेते. कुठल्या तोंडानं घ्यायचं ते कळत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मग मंगरूचा कागद काढला. पंधरा दिवसांपासून आग, झोप नाही. पंधरा दिवसांपूर्वी टोल्यावर कापणी झाली, नवं झालं. त्याच्या गोळ्या घरी त्याची बायको तोलते. मी ताडकन उठले, जणू सगळं सापडलं. त्याच्याही घरी दाणे बदलले असणार. उद्या जाते, दाणे पाहते, लुचईचे सोळा मोजून देते, आणि दुखणं थांबतं. इतकं सोपं. मला अगदी हलकं वाटलं.

मंगळवार, संध्याकाळ.

सकाळी सहाला निघाले. तुझा काटा, लाल चिंधी, पायात जुन्या चपला. टोल्यावर पोचले तेव्हा मंगरू शेकोटीशी बसला होता, पाय लांब करून. त्याची बायको धान कांडत होती. मी नमस्कार न करताच म्हटलं, "दाणे दाखव."

तिनं आणले. मी उन्हात धरले. जाड, आखूड. लुचई. खात्रीसाठी तुझ्या दाण्यांशी तोलले. सोळाला सोळा, काटा हलला नाही. तिनं नव्याच्या दिवशी डबी छपराच्या वाशात खोचून ठेवली होती. "तुळसाबाईनं सांगलं होतं," म्हणाली, "नवं रुसलं तं रुसू दे, हे दाने बदलू नोको."

मी काटा हातात धरून उभी राहिले. चूक कुठंच नव्हती. वजन बरोबर, दाणे बरोबर, माणूस समोर घामानं डबडबलेला. काही सापडलं असतं तर त्याच्यावर विश्वास ठेवणं किती सोपं गेलं असतं.

मंगरू म्हणाला, "मंग बाई? मनात आहे का माया?" त्यालाही मी कधीतरी म्हटलं असणार.

"मांडीत आहे," मी म्हटलं.

त्यानं डोकं खाली घातलं. मी त्याला सांगितलं की तीस दाणे लिहून देणार नाही. पण या पंधरवड्याला दाणा काढायचा नाही, पुढच्याही नाही. सोळावर थांब, तू म्हणशील तेव्हा पुढं बघू. बाजाराच्या दिवशी डॉक्टरांना पाय दाखवायचा, मी सोबत असेन. त्याच्या कागदावरची ओळ मी तिथंच त्याच्यासमोर खोडली. त्याला वाचता येत नाही. विचारलं, काय खोडलं? सांगितलं.

मग त्याच्या बायकोला खापर तापवायला सांगितलं. वाटेत तुझ्या घरी थांबून सोमाजीभाऊकडून मार्कंड्याची वाळू मागून घेतली होती. त्यानं अर्धी दिली, अर्धी ठेवली. वाळू तापेपर्यंत मंगरू म्हणाला, "गोष्ट?"

"मला येत नाहीत गोष्टी."

"नर्सबाईची एक सांग. कोनतीही."

मी त्याला अठरा दाण्यांची सांगितली. सगळी, मी खाटेशी काय बोलले त्यासकट. तो आणि त्याची बायको ऐकत राहिले, आणि चिन्नोरच्या जागी पोचले तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसायला लागली. मग वाळू तापली. मी ती फडक्यात बांधली, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली, आणि त्याच्या मांडीवर ठेवली.